होजिअरीचा बंदांचा झगा : बेतणी आणि फेरफार

शरीराभोवती लपेटून बांधावयाचे वस्त्र महाराष्ट्राला नवे नाही. पंधराव्या शतकात चौल बंदरात उतरलेला रशियन प्रवासी अफनासी निकितीन याने येथील प्रतिष्ठित लोक खांद्यावर व कमरेला वस्त्र गुंडाळतात, अशी नोंद आपल्या वृत्तांतात केली आहे. रायगडच्या किनाऱ्यावरील कोळी स्त्रीचे लुगडे हे त्याच परंपरेतील. ते कोणत्याही बांध्याच्या अंगाला बसते, कारण माप कापडात नसून नेसण्यात असते. शिवलेल्या कपड्यांतही बाराबंदी होतीच. तिची एक बाजू दुसरीवर येते आणि बंदांनी ती घट्ट अथवा सैल करता येते. १९७४ साली डायान फॉन फुर्स्टेनबर्ग या वेशरचनाकार महिलेने अमेरिकेत लोकप्रिय केलेला ‘रॅप ड्रेस’ रचनेच्या दृष्टीने बाराबंदीच्या जवळचाच आहे. फरक आहे तो कापडात. तो होजिअरीच्या, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या कापडाचा असतो आणि गावोगावच्या शिवणवर्गांतून बाहेर पडलेल्या भगिनींची अडचण नेमकी येथेच सुरू होते.

शिवणवर्गात हात बसतो तो पोलके, परकर, सदरा यांवर. ही वस्त्रे मागावरच्या कापडाची. मराठीत ‘विणणे’ हे एकच क्रियापद मागालाही लावतात आणि सुयांवरच्या लोकरीलाही, त्यामुळे दोहोंतील भेद सहज निसटतो. मागावर उभे व आडवे धागे एकमेकांत अडकतात. असे कापड उरेब धरल्याखेरीज फारसे ताणले जात नाही. होजिअरीत मात्र धाग्याचे फास एकमेकांत ओवलेले असतात. ओढ लागली की फास पसरतो, सोडली की आवळतो. साध्या टोकदार सुईने फासाचा धागा तुटला, तर तेथून भोक वाढत जाते. म्हणून गोलसर टोकाची, ‘बॉल पॉइंट’ सुई घ्यावी लागते. मध्यम जाडीच्या कापडाला अकरा नंबर पुरतो.

कापड आणल्याबरोबर बेतावयास घेणे हा पहिला दोष. सुती होजिअरी पहिल्या धुण्यात आटते, तेव्हा ती आधी धुऊन घेतली पाहिजे. ओले कापड दोरीवर टाकल्यास स्वतःच्या भाराने लांबते, म्हणून ते चटईवर पसरून वाळवावे. कोकणातल्या पावसाळ्यात यास दोन दिवसही लागतील. तेवढे थांबणे अगत्याचे आहे. त्यानंतर ताण तपासावा. कापड आडवे दुमडून चार इंचांवर खुणा कराव्यात आणि ओढून पाहावे. खुणांमधील अंतर आरामात पाच इंच झाले, तर ताण शेकडा २५ आहे असे समजावे. कागदी आराखड्यावर जो ताण अपेक्षिलेला असतो त्यापेक्षा कापड कमी ताणले जात असेल, तर मापे अचूक घेऊनही झगा अंगात शिरणार नाही. अधिक ताण असलेली बाजू नेहमी अंगाच्या घेराकडे ठेवावी.

मापांच्या कागदी आराखड्यांचा व्यापार अमेरिकेत १८६३ साली एबेनेझर बटरिक या शिंप्याने सुरू केला. तेव्हापासून तयार आराखडे पाश्चात्त्य बांधा गृहीत धरूनच निघत आले. भारतीय शरीराची प्रमाणित मापे ठरविण्यासाठी निफ्ट या राष्ट्रीय संस्थेने ‘इंडियासाइज’ हे सर्वेक्षण मुंबईसह सहा शहरांत हाती घेतले, यावरूनच ही उणीव ध्यानात यावी. तोवर फेरफार करणे शिवणाऱ्या हातालाच भाग आहे.

बंदांच्या झग्यात तक्रार बहुधा गळ्याची असते. गळ्याची कड तिरकी कापलेली असल्याने ती लोंबते आणि वाकताच पुढून उघडी पडते. पुष्कळ जणी बंद अधिक आवळतात किंवा टाचणी लावतात. दोष तसाच राहतो. खरा उपाय कागदावर आहे. गळ्याच्या कडेपासून छातीच्या उंचवट्याकडे निमुळती होत जाणारी अर्धा ते पाऊण इंचाची घडी आराखड्यावर घालावी व कड पुन्हा सरळ आखून घ्यावी. घडी टोकाला शून्य होत असल्याने छातीचे माप घटत नाही, फक्त कड आखूड होते. शिवताना तिला किंचित कमी लांबीची पट्टी लावावी आणि तीऱ्याच्या शिवणीत सुती फीत घालावी, म्हणजे खांदा उतरत नाही.

कमरेचा प्रश्न उंचीचा. बंद कमरेखाली येत असेल, तर पुढील दोन्ही भाग व पाठ यांवर सारखीच आडवी घडी घालावी लागते. पाठीवर विसरल्यास बाजूची शिवण जुळत नाही, आणि बंद बाहेर काढण्याची चीरही जागा सोडते. राहिला पुढचा पदर. खाडीवरचा वारा शहरी आराखड्याने विचारात घेतलेला नसतो. दोन्ही पुढील भागांच्या कडेला तीन-चार इंच वाढवून, खाली मांडी घालून बसून पाहावे.

हे सारे कापण्यापूर्वीचे. तयार झगा आवळता येतो, सैल करता येत नाही. कारण इंटरलॉकच्या शिवणीत जेमतेम पाव इंच कापड उरते. चाचणीसाठी मांजरपाट निरुपयोगी, तितकाच ताण असलेली जुनी होजिअरी हवी. झिगझॅग टाका नसलेल्या पायमशीनवर पॉलिएस्टर दोरा घालून, त्याचा ताण थोडा ढिला करून व कापड पुढून-मागून हलके ओढून धरून एकाशेजारी एक अशा दोन शिवणी माराव्यात. खालची दुमड घालण्यापूर्वी झगा एक रात्र टांगून ठेवावा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत सुया लवकर गंजतात. त्या तेलाच्या फडक्यात ठेवणे बरे.

या कौशल्याला येथे विशेष मोल आहे ते १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात. यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात आणि घरात येणारा पैसा आटतो. तेव्हा शिवणाचे काम हाती असलेल्या स्त्रीने एखाद्या गिऱ्हाइकाचे कापड बिघडविले, तर भरपाई तिलाच करावी लागते व गिऱ्हाईकही दुरावते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिवणतंत्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश असून प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये विद्यावेतन व अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, अशी तीत तरतूद आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. अवजारांची निवड करताना साध्या मशीनऐवजी झिगझॅग टाक्याची सोय असलेले मशीन घेता येईल काय, हे अर्जदार भगिनीस त्याच वेळी सुचविता येईल.