हेट्ठिमा दिशा : कामगार वस्तू की माणूस?

राजगृहाच्या वेळुवनात भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहपतिपुत्रास केलेला उपदेश दीघनिकायाच्या ३१ व्या सुत्तात आला आहे. सहा दिशांना हात जोडणाऱ्या या तरुणास भगवंतांनी दिशांचा नवा अर्थ सांगितला. पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण दिशा म्हणजे आचार्य. आणि खालची, म्हणजे हेट्ठिमा दिशा, ही दास-कम्मकरांची, अर्थात सेवक व कामगारांची होय. ज्यांना समाज पायाखाली लेखीत होता, त्यांनाही येथे वंदनीय दिशांत स्थान मिळाले आहे.

या दिशेप्रत मालकाची कर्तव्ये पाच : बळ पाहून काम नेमणे, भोजन व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, विशेष रुचकर पदार्थांत वाटा देणे आणि वेळेवर सुट्टी देणे. यांपैकी वेतन तेवढे बाजाराच्या देवघेवीत बसते. उरलेली चार बसत नाहीत. वस्तू आजारी पडत नाही, थकत नाही. तिला चव नसते आणि सणही नसतो. वेतन चुकते केले की मालकाचे देणे फिटले, हा समज सुत्तास मान्य नाही, असे आम्हांस वाटते.

अट्ठकथाही हाच आशय स्पष्ट करते. तरुणांचे काम वृद्धांवर लादू नये, दिवसभर राबून माणूस शिणण्याआधी त्यास मोकळे करावे आणि सणाच्या दिवशी खाद्यपदार्थ, अलंकार देऊन सुट्टी द्यावी, असे तीत म्हटले आहे.

येथे एक शंका संभवते. सुत्तात 'दास' हा शब्द आहे. मग दास्य मान्य होते काय? सुत्त तत्कालीन समाज जसा होता तसा समोर ठेवते, हे खरे. परंतु अंगुत्तरनिकायात उपासकास वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत 'सत्तवणिज्जा' आहे आणि अट्ठकथा तिचा अर्थ मनुष्यविक्रय असा करते. माणूस विक्रीची वस्तू नव्हे, हे तेथेच ठरले.

तथापि कर्तव्य मालकाच्या सदसद्विवेकावर अवलंबून राहते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास कायद्याचे बळ दिले. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ विधेयकास पाठिंबा दिला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पुढे संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा अपव्यापार व वेठबिगार निषिद्ध ठरविली, तर अनुच्छेद ४२ ने कामाची न्याय्य व मानवोचित परिस्थिती आणि प्रसूति-साहाय्य यांची तरतूद करण्याचे निदेशक तत्त्व राज्यासमोर ठेवले.

आज आपल्यांतीलही अनेक कुटुंबे शिक्षण व नोकरी यांमुळे मालकाच्या जागी आली आहेत. घरकामास येणाऱ्या बाईंचा चहाचा कप वेगळा ठेवला जातो काय? तापाने दोन दिवस न आल्यास त्यांचा पगार कापला जातो काय? विहारातून पंचशील ग्रहण करून परतणाऱ्या प्रत्येक उपासक-उपासिकेने हे प्रश्न प्रथम आपल्या घरात विचारावेत. हेट्ठिमा दिशेचे वंदन तेथूनच सुरू होते.