शहराची वीज कोण तोडणार?
पर्यावरणाचे पहारेकरी : भाग ४

गेल्या आठवड्यात आपण अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था पाहिली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७० च्या डिसेंबरात निरनिराळ्या खात्यांतले विभाग काढून ती उभी केली. संस्था एकच, आणि कारवाईसाठी ती देशात कुठेही थेट पोचते. आपल्याकडे तसं का नाही?

याचं उत्तर राज्यघटनेत आहे. पाणी हा विषय राज्यसूचीत येतो. त्यावर संसदेला कायदा करायचा, तर अनुच्छेद २५२ प्रमाणे किमान दोन राज्यांच्या विधिमंडळांनी तसा ठराव करून द्यावा लागतो. बारा राज्यांनी तो दिला, तेव्हा कुठे मार्च १९७४ मध्ये जल प्रदूषणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दिल्लीत त्यासाठीचं केंद्रीय मंडळ स्थापन झालं.

त्या बारांमध्ये महाराष्ट्र नव्हता, कारण आपलं घोडं आधीच पुढे गेलं होतं. जल प्रदूषण रोखण्याचा स्वतःचा कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्येच केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळही स्थापन केलं. आपल्याकडच्या पर्यावरण कायद्यांचं श्रेय सर्रास १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेला दिलं जातं. महाराष्ट्राचा कायदा तिच्याही तीन वर्षं आधीचा. गंमत अशी की, केंद्राचा कायदा स्वीकारायला याच राज्याला १ जून १९८१ उजाडला.

कामाची वाटणी तेव्हाच ठरली. केंद्रीय मंडळाने मानकं ठरवायची, सल्ला द्यायचा, राज्यांच्या मंडळांत मेळ घालायचा. कारखान्याच्या फाटकातून आत जायचं ते राज्य मंडळाच्या अधिकाऱ्याने. कारखाना उभारण्याआधी आणि चालवण्याआधी संमतीपत्र घ्यावं लागतं, तेही राज्य मंडळाकडूनच. अर्ज आल्यावर चार महिन्यांत मंडळाने हो की नाही काहीच कळवलं नाही, तर संमती मिळाली असं धरलं जातं. अर्जांचे ढिगारे आणि मोजके अधिकारी पाहता या तरतुदीचा फायदा कुणाला होतो, ते उघड आहे.

नमुना घेण्याची रीत तर मुळातून वाचावी अशी आहे. नाल्यातून बाटलीभर काळं पाणी आणून न्यायालयापुढे ठेवलं, तर कायद्याच्या लेखी ते पुरावा ठरत नाही. अधिकाऱ्याने कारखान्याच्या जबाबदार माणसाला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही भांडी सीलबंद करून त्यांवर दोघांनी सह्या करायच्या, मग ती प्रयोगशाळेकडे पाठवायची. आरोपीच्या दृष्टीने हे रास्तच आहे. पण रात्री दोन वाजता ओढ्यात रसायन सोडणारा माणूस सहीला थांबत नाही.

आणि इतकं करूनही सुरुवातीच्या काळात मंडळाला कारखाना स्वतःच्या अधिकारात बंद करता येत नव्हता; न्यायालयात जावं लागे. ते बदललं भोपाळनंतर. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटला आणि हजारो माणसं गेली. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच्या कलम ५ ने केंद्र सरकारला उद्योग बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा अधिकार दिला. १९८८ मध्ये जल कायद्यात दुरुस्ती होऊन तसाच अधिकार मंडळांनाही मिळाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ हे नावही त्याच दुरुस्तीतलं.

म्हणजे हत्यार मिळालं, पण ते चालतं कुणावर? केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं. त्यातल्या जेमतेम २० हजारांवर प्रत्यक्षात प्रक्रिया होते. उरलेलं नदीत, खाडीत, तळ्यात. याच मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे दाखवले आहेत. सर्वाधिक, ५५, महाराष्ट्रात. यात कारखान्यांचा वाटा आहेच, पण सांडपाण्याचा मोठा धनी महापालिका आणि नगरपालिका. कारखान्याची वीज तोडता येते; शहराची कोण तोडणार? मंडळाचा अध्यक्ष नेमतं राज्य सरकार, आणि नोटीस जाणार त्याच सरकारच्या नगरविकास खात्याखालच्या पालिकेला. माझ्या मते या व्यवस्थेचं खरं दुखणं इथे आहे, कायद्याच्या कलमांत नाही. अध्यक्षपदी त्या विषयातला जाणकार असावा यासाठी नियम करा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०१७ मध्ये राज्यांना सांगावं लागलं, यातच सारं आलं.

अलीकडे वारे उलटसुलट वाहताहेत. जल कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीने अनेक गुन्ह्यांसाठीची तुरुंगाची शिक्षा काढून तिथे १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. मोठ्या उद्योगाला १५ लाख म्हणजे किरकोळ खर्च. दुसरीकडे, ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, पर्यावरणाची हानी भरून काढण्यासाठी मंडळं स्वतः भरपाई आकारू शकतात. त्यासाठीचे नियम नीट झाले, तर हा अधिकार १९८८ च्या अधिकाराइतकाच मोठा ठरेल. पण पालिकेकडून वसूल होणारी भरपाईही शेवटी करदात्याच्याच खिशातून जाईल, हा पेच उरतोच.

जाता जाता एक कामाची गोष्ट. १९८८ च्या दुरुस्तीने जल कायद्याच्या कलम ४९ मध्ये सामान्य नागरिकालाही जागा दिली. मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन कुणीही थेट न्यायालयात तक्रार करू शकतो, आणि अशी तक्रार झाल्यावर त्याने मागितले तर संबंधित अहवाल मंडळाने त्याला द्यायचे असतात. तुमच्या गावच्या नदीबद्दल तक्रार असेल, तर पहिलं पत्र मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला लिहा आणि पोच घ्यायला विसरू नका. पुढच्या भागात राष्ट्रीय हरित लवाद.