ओळीवर बोट ठेवून

कल्याणहून ठाकुर्लीकडे येताना लोकलच्या खिडकीतून कधी कधी रुळांच्या कडेने चालणारा रेल्वेचा कीमन दिसतो. हातात पाना, खांद्यावर हातोडा. कुठे पकड सैल झाली आहे का, रुळाला तडा गेला आहे का, हे तो पायी चालून बघतो. रूळ नीट आहे की नाही हे गाडी नेऊनही कळेल म्हणा. पण काय किमतीला, ते सांगायला नको.

त्याच लोकलने डोंबिवली-कल्याणची कितीतरी मुले-मुली ठाण्या-ऐरोलीच्या कचेऱ्यांत संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे सॉफ्टवेअर, लिहायला जातात. त्यांच्या कामाचा बराच भाग लिहिण्याचा नसून दुसऱ्याने लिहिलेले तपासून वाचण्याचा असतो. ते वाचणे कशासाठी, ते पाहू.

२०२२ साली एस.टी.ने ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास दिला. ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मे भाडे. समजा, तिकिटाच्या यंत्रासाठी कोणी आज्ञा लिहिली : 'वय ७५ पेक्षा जास्त असेल तर भाडे शून्य.' ऐकायला बरी वाटते. चाचणी घेणाऱ्याने ४०, ७० आणि ८० वर्षांचे प्रवासी घालून पाहिले. तिन्ही तिकिटे बरोबर निघाली. पण नुकतीच ७५ पुरी केलेली आजी गाडीत चढली की यंत्र तिच्याकडे निम्मे भाडे मागणार. आणि वय पूर्ण वर्षांतच मोजायचे, म्हणून पुढच्या वाढदिवसापर्यंत, सबंध वर्षभर मागत राहणार! (ही चूक माझ्या कल्पनेतली, महामंडळाच्या यंत्रात ती आहे असे नव्हे.) त्या ओळीवर बोट ठेवून कोणी 'अहो, बरोबर ७५ असेल तर?' एवढं विचारलं असतं, तर काम दोन मिनिटांत भागलं असतं.

असे विचारण्याला शिस्त लावली ती आय.बी.एम. कंपनीतील मायकेल फेगन यांनी. १९७६ साली त्यांनी ती लेखरूपाने मांडली. चारेक जणांचा गट, त्यात एक नियामक. शिक्षकांना हा शब्द बोर्डाच्या परीक्षेमुळे परिचयाचा आहेच. सर्वांनी मजकूर आधी वाचून यायचे. बैठक दोन तासांपलीकडे न्यायची नाही, कारण मग डोळे ओळींवरून फिरतात पण मन फिरत नाही. तासाला शे-सव्वाशे ओळी झाल्या तरी पुष्कळ. बैठकीत चूक फक्त नोंदायची, दुरुस्तीचा वाद तिथे घालायचा नाही; दुरुस्ती लिहिणाऱ्याने मागाहून करायची आणि ती खरोखर झाली का, हे नियामकाने पाहायचे.

आणखी एक पथ्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सापडलेल्या चुकांवरून लिहिणाऱ्याची बढती किंवा पगार ठरवायचा नाही. वर्गात ज्या मुलाच्या चुकीला हसू झाले, तो पुढच्या वेळी पाटी छातीशी धरतो, हे आपण शिक्षकांनी पाहिलेले आहे. मोठी माणसेही तेच करतात.

एवढे करूनही चूक निसटते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झाले. आज्ञावलीचा एक भाग आधीच्या एरियन-४ वरून जसाच्या तसा उचलला होता. नव्या बाणाचा आडवा वेग जास्त. तो आकडा ठरलेल्या छोट्या जागेत मावेना. तपासण्या झाल्या नव्हत्या असे नाही, झाल्या होत्या. पण जुन्या बाणावर चाललेला भाग नव्या बाणावर काय करील, हा प्रश्न कोणी पुरा लावून धरला नाही.

हल्ली सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसावेच लागते असे नाही. डोंबिवलीतली मुलगी नागपूरच्या सहकाऱ्याने लिहिलेला भाग पडद्यावर वाचते, ओळीशेजारी शंका लिहिते आणि तिचे समाधान झाल्यावरच तो भाग मूळ आज्ञावलीत घेतला जातो. अलीकडे तर काही ओळी यंत्रच लिहून देते. तिथे 'हे असं का लिहिलंस?' म्हणून विचारायला समोर माणूस नसतो, तेव्हा वाचणारीला आणखी सावकाश वाचावे लागते.