केसगळतीवरील पूरक गोळ्या : दावा आणि पुरावा

तालुक्याच्या गावातील औषधाच्या दुकानातही आता केसांसाठीच्या पूरक गोळ्यांची रंगीत डबी दर्शनी फळीवर मांडलेली दिसते. काही महिन्यांनी त्या डबीच्या जागी दुसरी येते. नाव नवे, वेष्टन नवे, जाहिरातीतील चेहराही नवा. आतील द्रव्ये मात्र बहुधा तीच असतात : बायोटिन, जस्त, सेलेनियम, लोह, काही जीवनसत्त्वे आणि एखाद्या वनस्पतीचा अर्क. ही नवी गोळी खरोखर गुणकारी आहे काय, यावर शाळेच्या शिक्षकदालनात व पंचायत समितीच्या कचेरीत वाद रंगतात. एकजण सांगतो की, घरातील मुलीचे केस तीन महिन्यांत पूर्ववत झाले. दुसरा म्हणतो की, सहा डब्या संपल्या, पैसे तेवढे गेले. दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. तरीही त्यावरून गोळीच्या गुणावगुणाचा निर्णय होत नाही, आणि याचे कारण केसांच्या स्वभावातच आहे.

माणसाच्या डोक्यावर सर्वसाधारणपणे एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचे मूळ स्वतंत्रपणे चालते. दोन ते सहा वर्षे केस वाढतो, नंतर सुमारे तीन महिने विश्रांती घेतो, मग गळतो आणि त्याच मुळातून नवा केस येऊ लागतो. त्यामुळे दररोज पन्नास ते शंभर केस गळणे हे निरोगीपणाचेच लक्षण होय. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, कडक उपासमार अथवा तीव्र मानसिक आघात झाला की, वाढीच्या अवस्थेतील पुष्कळ केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात. ते गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी. तोवर तापाची आठवणही पुसट झालेली असते. २०२० व २०२१ मध्ये कोविडमधून बरे झालेल्या अनेकांना हा अनुभव आला. ही गळती थांबते, आणि बहुतेकांच्या बाबतीत सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते.

आता गोळी केव्हा सुरू होते ते पाहावे. केस सर्वाधिक गळू लागले, कंगव्यात झुबके येऊ लागले, म्हणजे माणूस दुकानात जातो. ती गळती ओसरण्याचा काळही त्यानंतरचाच असतो. गोळी घेतली नसती तरी केस आलेच असते; पण गोळी घेतलेली असल्याने श्रेय तिला मिळते. उलट आनुवंशिक टकलात केशमुळेच हळूहळू बारीक होत जातात; तेथे अशा गोळीने फारसे काही साधत नाही, आणि त्या ग्राहकाचे मत प्रतिकूल बनते. जाहिरातीतील ‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोन छायाचित्रांविषयी काय सांगावे! प्रकाश, भांग आणि ओले-कोरडे केस एवढ्या तीन गोष्टी बदलल्या तरी टाळू दिसेनाशी होते.

म्हणूनच वैद्यकशास्त्र एकेकट्याच्या अनुभवावर विसंबत नाही. समान तक्रारीच्या लोकांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करावयाचे. एका गटास खरी गोळी, दुसऱ्यास हुबेहूब दिसणारी पण औषधी द्रव्य नसलेली गोळी द्यावयाची. कोणास काय दिले हे घेणाऱ्यास व तपासणाऱ्यास, दोघांनाही कळू द्यावयाचे नाही. आणि ठरावीक मुदतीनंतर केस मोजावयाचे. मिनॉक्सिडिल हे औषध अशा परीक्षांतून गेले आहे. ते मुळात रक्तदाबावरील औषध; त्याच्या सेवनाने अंगावर केस वाढतात हा दुष्परिणाम ध्यानात आला, आणि १९८८ साली अमेरिकेत टकलावर लावण्यासाठी त्यास मान्यता मिळाली. फिनास्टेराइडला पुरुषांच्या टकलासाठी तेथे १९९७ मध्ये मान्यता मिळाली. या दोहोंनाही मर्यादा आहेत, दुष्परिणाम आहेत, आणि ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत. परंतु त्यांच्या बाजूने पुरावा आहे.

पूरक गोळ्यांच्या बाजूने पुरावा मुळीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अशा पूरकांवरील ३० अभ्यासांचा आढावा २०२३ मध्ये अमेरिकेतील एका त्वचारोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही मिश्रणांचा उपयोग होण्याची शक्यता त्यात मान्य केलेली आहे. मात्र अभ्यासांची रचना ध्यानात घेऊनच त्यांच्या निष्कर्षांचा अर्थ लावावा, असाही इशारा आहे. बायोटिनची स्थिती याहून दुबळी आहे. केस व नखांच्या तक्रारींसाठी ते दिलेल्या १८ नोंदलेल्या रुग्णांचा आढावा २०१७ साली घेण्यात आला, तेव्हा त्या सर्वांना मुळात दुसरी एखादी व्याधी होती असे आढळले. निरोगी माणसाचे केस बायोटिनने वाढतात, हे त्यावरून सिद्ध होत नाही. शरीराची गरज दिवसास ३० ते ४० मायक्रोग्रॅमची, आणि ती अंडी, शेंगदाणे, डाळी यांतून सहज भागते. बाजारात मात्र १०,००० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या मिळतात.

‘उपयोग झाला नाही, तर अपाय तरी काय होणार?’ असे पुष्कळजण म्हणतात. या प्रश्नाचे उत्तर आपल्याच राज्यात शोधता येईल. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत स्त्री-पुरुषांचे, मुलांचेही केस तीन-चार दिवसांत मुळासकट हाती येऊ लागले. प्रारंभी पाण्यावर व बुरशीवर संशय घेण्यात आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक गावांत आले. बाधितांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण वाढल्याचे तपासण्यांत आढळून आले. महाडचे ज्येष्ठ वैद्य पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे नमुने तपासून घेतले व या सेलेनियमचा उगम तेथे खाल्ल्या जाणाऱ्या शिधावाटपाच्या गव्हात असल्याचे प्रतिपादन केले. पंजाबातील होशियारपूर व नवांशहर परिसरातील काही जमिनीत सेलेनियम अधिक आहे, हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ज्ञात आहे.

ज्या द्रव्याच्या आधिक्याने शेगावकडील माणसांचे केस गेले असे दिसते, तेच द्रव्य केस यावेत म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत घातलेले असते. सेलेनियम शरीरास हवेच. परंतु दिवसास ४० ते ५५ मायक्रोग्रॅम पुरे होते, आणि अमेरिकेतील तज्ज्ञांनी २००० साली ठरविलेली कमाल मर्यादा ४०० मायक्रोग्रॅमची आहे. गरज आणि अपाय यांत अंतर थोडे. एक गोळी, जोडीला शक्तिवर्धक भुकटी आणि वर आणखी एक ‘मल्टिव्हिटॅमिन’ असे घेणाऱ्याने बेरीज करून पाहावी. २००८ मध्ये अमेरिकेतील एका द्रवरूप पूरकात लेबलावरील प्रमाणाच्या दोनशे पट सेलेनियम पडले. दहा राज्यांत २०१ माणसे बाधित झाली. ज्यांची सविस्तर माहिती मिळाली, त्यांपैकी ७२ टक्क्यांचे केस गळले होते. अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकानेही केस जातात.

बायोटिनचा धोका निराळा आहे. त्याच्या मोठ्या मात्रेने रक्ताच्या काही तपासण्यांचे निकाल चुकतात. त्यांत थायरॉइडच्या तपासण्या आहेत, तशीच हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी करावयाची ट्रोपोनिनची तपासणीही आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याविषयी २०१७ मध्ये इशारा दिला व २०१९ मध्ये त्याची पुनरुक्ती केली. छातीत कळ येऊन रुग्णालयात गेलेला माणूस केसांच्या गोळीचा उल्लेख डॉक्टरांजवळ सहसा करीत नाही. ती त्यास औषध वाटतच नाही.

आणि कायद्यानेही ती औषध नव्हे. अशी पूरके अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली अन्न म्हणून विकली जातात, व ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशी सूचना त्यांवर छापणे बंधनकारक आहे. नव्या औषधास परिणामकारकता आधी सिद्ध करावी लागते. अन्नास तसे करावे लागत नाही. १९४५ च्या औषधविषयक नियमावलीतील ‘जे’ अनुसूचीत तर टक्कल बरे करण्याचा अथवा नवे केस उगविण्याचा दावा औषधांनाही निषिद्ध ठरविलेला आहे. मग अन्नाच्या परवान्यावरील डबी तो दावा कशी करते? अशी जाहिरात आढळल्यास ग्रामपंचायत सदस्यास वा कोणाही नागरिकास अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे तक्रार करता येते. डबीचे छायाचित्र व जाहिरातीची प्रत सोबत जोडलेली बरी.

केसगळतीचे खरे कारण शोधण्याचे काम गोळी करीत नाही, उलट लांबविते. नाण्याएवढ्या गोल चकत्या पडल्या तर ती चाई असू शकते. मुलांच्या डोक्यास खपल्या धरून केस तुटत असतील तर नायट्याचा संभव असतो. थायरॉइडच्या विकारातही केस गळतात. स्त्रियांच्या बाबतीत रक्तक्षय विसरता कामा नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला. लोहाची कमतरता आणि केसगळती यांचा संबंध किती घट्ट आहे, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण थकवा, धाप आणि केसगळती ही एकत्र दिसली तर शिक्षिकेने वा आशा सेविकेने त्या मुलीस प्रथम हिमोग्लोबिनच्या तपासणीसाठी पाठवावे. ती तपासणी आणि लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात.