निवडून घेतलेल्या कटकटी

अमेरिकेत गाडीमागे ओढायचा छोटा ट्रेलर घ्यायचा म्हटलं, की लोक आधी पडदे बघतात. मग सिंक, मग टीव्ही कुठे लागेल, मग आत किती जणांची झोपायची सोय आहे. इथल्या ओहायोतल्या मराठी मंडळींपैकी कुणी आमच्याकडे सल्ला विचारायला आलं, तर मी त्यांना आमचा ट्रेलर दाखवायच्या आधी त्यांच्याच गाडीपाशी नेते आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडायला लावते. दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून एवढ्या पौंडांच्या वर वजन टाकू नका, असं त्यावर लिहिलेलं असतं. तुमचा ट्रेलर केवढा असणार, हे निम्मं तिथंच ठरलेलं असतं.

गाडी किती ओढू शकते तो आकडा सगळ्यांना पाठ असतो. हायब्रिड सिएना 3,500 पौंड, व्ही-6 इंजिनाची आमची हायलँडर 5,000 पौंड. पण ट्रेलर नुसता मागून येत नाही, तो पुढच्या टोकाने गाडीवर दाबही देतो. याला टंग वेट म्हणतात आणि ते भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के असावं लागतं. म्हणजे 3,000 पौंडांच्या ट्रेलरचे 300 ते 450 पौंड थेट गाडीच्या पाठीवर येतात आणि ते त्या स्टिकरवरच्या आकड्यात मोजायचे असतात. समजा स्टिकर 1,200 पौंड म्हणतोय. चार मोठी माणसं बसली की साडेसहाशे गेले, टंग वेटचे चारशे गेले. उरलेल्या दीडशेत सायकली, कूलर, खुर्च्या आणि सासूबाईंची औषधांची पेटी बसवा.

टंग वेट कमी ठेवून चालत नाही, हीच तर गंमत. जड सामान मागच्या बाजूला रचलं, की टंग वेट घटतं आणि वेग वाढला की ट्रेलरची शेपटी डावी-उजवीकडे झोकांड्या खायला लागते. अशा वेळी पाय आपोआप गाडीच्या ब्रेककडे जातो आणि तेच करायचं नसतं. ॲक्सिलरेटर सोडायचा आणि हाताशी बसवलेल्या ब्रेक कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूच लावायचे. 3,000 पौंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत असा बऱ्याच राज्यांचा कायदा आहे. माझं मत विचाराल तर त्याहून हलक्यालाही हवेतच.

जाहिरातीत छापलेलं वजन हे रिकाम्या ट्रेलरचं असतं. त्यात पाणी नसतं, भांडी नसतात, बहुतेकदा बॅटरी आणि गॅसही नसतो. नुसतं पाणीच एका गॅलनला 8.3 पौंड भरतं. सोळा गॅलनची टाकी भरली की 130 पौंड वाढले. खरं वजन कळतं ते ट्रक थांबतात तिथल्या काट्यावर. थोड्या डॉलरांत गाडीच्या पुढच्या चाकांचं, मागच्या चाकांचं आणि ट्रेलरचं वेगवेगळं वजन छापलेली चिठ्ठी मिळते. कणीक, तांदूळ, तीन प्रकारच्या डाळी, कुकर, पोळपाट आणि ‘असू दे, लागेल’ म्हणून घेतलेला खल-बत्ता यांचं वजन किती असतं, ते मला या चिठ्ठीने शिकवलं. खल-बत्ता आता घरी राहतो.

तर वजन झालं. आता ट्रेलर बनतो कसा ते बघू, कारण पैसे पाण्यात जातात ते इथे, आणि अक्षरशः पाण्यातच जातात. अमेरिकेतले बहुसंख्य ट्रेलर इंडियाना राज्यात एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांत बनतात. लाकडाचा नाहीतर ॲल्युमिनियमचा सांगाडा, त्यावर पत्र्याची किंवा फायबरग्लासच्या पातळ पत्र्याची भिंत, वर रबराचं छत. दिसायला झकास. पण छत जिथे भिंतीला भेटतं, खिडकी जिथे बसते, दिवा जिथे स्क्रूने आवळतात, त्या प्रत्येक ठिकाणी एक सांधा असतो आणि त्यात सीलंट भरलेलं असतं. ते उन्हाने तडकतं. दर वर्षी शिडी लावून छत तपासलं नाही, तर पाणी आत शिरतं, लाकूड कुजतं, आणि भिंतीवर फुगवटा येईपर्यंत बाहेरून काही दिसत नाही. म्हणून जुना ट्रेलर बघायला गेलात तर कोपऱ्यांत जमिनीवर टाच दाबून बघा. जमीन दबली की नमस्कार करून बाहेर पडा, मालक कितीही गोड बोलो. कपाटात डोकं घालून वास घ्या. टायरच्या कडेला डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा: 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने मरतात. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही ठसठशीत दिसो, बदलायचे.

दुसरी जात सांध्यांची भानगडच कमी असलेली. फायबरग्लासचे दोन मोठे अर्धे भाग साच्यातून काढायचे, खालचा आणि वरचा, आणि कमरेशी जोडून टाकायचे. ही कल्पना कॅनडातल्या विनिपेगच्या रे ओलेको यांची. त्यांनी त्याआधी फायबरग्लासची हलकी सेप्टिक टँक बनवली होती. मैल्याची टाकी हलकी आणि न गळणारी होऊ शकते, तर राहायची खोली का नाही? 1968 मध्ये त्यांनी 13 फुटी ‘बोलर’ बाजारात आणला. तो साध्या छोट्या गाडीमागेही ओढता येई. तो मूळ बोलर आता बनत नाही, पण त्याच वळणाचा ‘स्कॅम्प’ मिनेसोटातल्या बॅकस गावी 1970च्या दशकापासून बनतो आहे, ‘कसिटा’ टेक्सासात बनतो, ‘एस्केप’ कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात. आमचा ट्रेलर याच घराण्यातला, 16 फुटी आणि जुना. चाळीस वर्षांचे असे ट्रेलर रस्त्यावर धावताना दिसतात आणि त्यांची किंमत काही केल्या उतरत नाही. स्वस्तात मिळेल म्हणून वाट बघत बसू नका.

याच लांबीत मिरवायचं असेल तर एअरस्ट्रीमचा ‘बॅम्बी’ आहे, 1961 सालापासूनचं नाव. त्याचा कारखाना आमच्याच राज्यात, जॅक्सन सेंटरला. त्याची किंमत ऐकून नवऱ्याने चहा मागितला होता.

आता आतला भाग. माझ्या मते छोटा ट्रेलर घेताना माणूस सोयी निवडत नाही, कटकटी निवडतो. जागा तेवढीच आहे, त्यामुळे प्रत्येक वस्तूमागे एक रोजचं काम येतं. त्यातलं कुठलं काम तुम्ही कुरकुर न करता कराल, एवढंच ठरवायचं. बिछान्याचंच घ्या. बऱ्याच छोट्या ट्रेलरांत जेवायचं टेबल खाली उतरवून त्यावर गाद्या जुळवायच्या, तोच पलंग. सकाळी परत टेबल. चांगल्या हवेत याचं काही वाटत नाही. पावसात दुपारी एकाला पडावंसं वाटतं आणि दुसऱ्याला चहा घेत वाचावंसं वाटतं, तेव्हा वाटतं. कायमचा पलंग हवा असेल तर टेबल लहान होतं किंवा न्हाणीघर जातं. शिवाय छोट्या ट्रेलरात पलंग बहुधा आडवा, तिन्ही बाजूंनी भिंतीला भिडलेला. आत झोपणाऱ्याला रात्री उठायचं तर बाहेरच्याला ओलांडून जावं लागतं. साठीनंतर हा प्रश्न रोज रात्री दोनदा येतो. म्हणून विक्रेत्याच्या दुकानात लाज न बाळगता बूट काढा आणि दोघंही आडवे व्हा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे इथे शब्दशः खरं आहे: नवरा सहा फुटी आहे, त्याची टाच भिंतीला लागते का ते तिथंच कळलं पाहिजे.

न्हाणीघराला इथे वेट बाथ म्हणतात. कमोडवरच शॉवर, सगळी खोली ओली. अमेरिकन शेजारी नाक मुरडतात. आपल्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही. मुंबईतल्या कितीतरी घरांत अजून हेच आहे. उलट इथे आपलं वळण कामी येतं. पाणी तापवायची टाकी सहा गॅलनची, म्हणजे 23 लिटर, म्हणजे एक बादली. शॉवरखाली उभं राहिलं तर साबण लागेपर्यंत गार पाणी सुरू होतं. बादली-तांब्याने दोघांची अंघोळ होते आणि सांडपाण्याची टाकीही लवकर भरत नाही.

टाक्या तीन असतात: चांगल्या पाण्याची, सांडपाण्याची आणि संडासाची. शेवटच्या दोन कुणीतरी रिकाम्या करायच्या असतात आणि ते कुणीतरी म्हणजे आपण. जाड हातमोजे चढवायचे, तीन इंची नळी ट्रेलरच्या तोंडाला फिरवून बसवायची, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात घट्ट रोवायचं, आणि आधी संडासाच्या टाकीची झडप ओढायची. ती रिकामी झाली की मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. कॅम्पग्राउंडवर ट्रेलर गटाराला जोडायची सोय असली तरी संडासाची झडप उघडी ठेवायची नाही; पाणी वाहून जातं आणि घट्ट ऐवज टाकीत थिजून बसतो. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला माझा नवरा हे काम शांतपणे करतो. भारतात असतो तर ज्या कामाला आम्ही दुसऱ्या माणसाला बोलावलं असतं आणि त्याला पाणी द्यायलाही वेगळा पेला शोधला असता, ते हे काम.

स्वयंपाकाचं मात्र मी सविस्तर सांगणार, कारण विक्रेत्यांना याची कल्पनाच नसते. शेगडी प्रोपेनवर चालते. भारतातल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन दोन्ही असतात. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबवतं, म्हणून इथल्या थंडीत नुसतं प्रोपेन. दोन्ही हवेपेक्षा जड, गळती झाली की खाली साठतात, म्हणून गॅसचा अलार्म जमिनीलगत असतो. धुराचा अलार्म छताला असतो, म्हणजे कढईपासून हातभर अंतरावर. मोहरी तडतडली, मिरची पडली की तो कोकलतो. म्हणून फोडणी बाहेर, टेबलावर ठेवलेल्या एका बर्नरच्या शेगडीवर. भातही बाहेरच, कारण थंडीत आतली वाफ खिडक्यांवर जमते आणि सकाळी उशाशी पाणी ठिबकतं. दोन माणसांच्या नुसत्या श्वासानेही ते होतं. बाहेर बर्फ असला तरी छताची झडप बोटभर उघडी ठेवून झोपावं लागतं.

बाहेर स्वयंपाक म्हणजे अस्वलांच्या मुलखात भांडी, तेलाचा डबा, अगदी पुसायचं फडकंसुद्धा लगेच आवरणं आलं. कुकर मात्र मी कुठेही न्यायला तयार आहे. कोलोरॅडोत आठ हजार फुटांवर पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळतं. शेजारच्या तंबूतली मुलं पातेल्यात राजमा शिजवत होती. अंधार पडला तरी दाणे टणक. माझ्या कुकरच्या शिट्ट्या ऐकून त्यांतली एक मुलगी धावत आली, काही फुटतंय का बघायला. मग त्यांचाही राजमा आमच्या कुकरमध्ये गेला. फक्त शिट्ट्यांची वेळ सांभाळायची. रात्री दहानंतर कॅम्पग्राउंडवर शांतता पाळावी लागते.

विजेचं थोडक्यात: जोडणी नसेल तर साध्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची, लिथियमची जवळजवळ सगळी. हीटरचा पंखा बॅटरी खातो, दिवे नाही.

आणि गाडी मागे घेणं. ट्रेलर जितका लहान तितका मागे घ्यायला कठीण, हे कुणाला पटत नाही. लांब ट्रेलर सावकाश वळतो, छोटा क्षणात काटकोनात दुमडतो. युक्ती अशी, की हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा. ट्रेलरची शेपटी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला हात न्यायचा. मी मागे उभी राहून एसटीच्या कंडक्टरसारखी ओरडते, ‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे… बस्स!’ यात एक नियम आम्ही पक्का केला आहे: मी ड्रायव्हरला आरशात दिसत नसेन तर त्याने थांबायचं. बाकी कुठली बाजू डावी, यावर चर्चा गाडी बंद केल्यावर.

एवढं करून मिळतं काय? तळावर पोचल्यावर ट्रेलर सोडून गाडी मोकळी होते. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या घाटात 21 फुटांपेक्षा लांब वाहन जाऊ देत नाहीत. मोठं मोटरहोम घेऊन आलेले लोक तिथे दुसऱ्या वाहनाची सोय बघत बसतात, आपण डबा घेऊन निघतो. आणि वयाची 62 वर्षं झालेल्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना 80 डॉलरांत आयुष्यभराचा सीनिअर पास मिळतो. राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश फुकट आणि त्यांच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडवर निम्मं भाडं. एवढ्या एका गोष्टीसाठी म्हातारं व्हायला हरकत नाही.

आमच्या घरी सध्या वाद आहे तो 21 फुटी घ्यायचा का यावर. नवऱ्याला कायमचा पलंग हवाय. मला तो ट्रेलर ओढायला लागणारी मोठी गाडी नकोय. तोडगा म्हणून तसा एक भाड्याने घेऊन बघणार आहोत, आणि नवीन घेणाऱ्यांनाही मी तेच सांगते. फक्त जुलैत घेऊ नका, जुलैत सगळेच ट्रेलर चांगले वाटतात. ऑक्टोबरात घ्या, आणि शक्यतो दोन दिवस पाऊस सांगितलेला असताना.