1250 अंश, एकदाच

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ल्यूसी रीची भांडी पाहताना एका फुलदाणीपाशी मी अडकले. उंच मान, बाहेर पसरलेलं पातळ तोंड, अंगावर बारीक खड्ड्यांचं पांढरट ग्लेझ. ग्लेझ एरवी भांड्यावर चढवलेलं दिसतं. इथे ते मातीतूनच वर आल्यासारखं होतं.

कारण तिच्या पद्धतीत आहे. स्टोनवेअर, म्हणजे जास्त आचेवर भाजलेली टणक भांडी, करणारे बहुतेकजण भांडं दोनदा भाजतात: आधी साधारण 1000 अंश सेल्सिअसवर, मग ग्लेझमध्ये बुडवून पुन्हा, त्याहून बऱ्याच जास्त आचेवर. ल्यूसी कच्च्याच भांड्याला ब्रशनं ग्लेझ लावायची आणि विजेच्या भट्टीत एकदाच भाजायची. हे वाचून नीट उमगेना, म्हणून तशाच रीतीनं काम करणाऱ्या एका बाईंच्या स्टुडिओत गेले.

माती मळणं, चाकावर मधोमध बसवणं, भिंत वर ओढणं हे त्यांनी बोलता बोलता उरकलं. पोट वेगळं घडवलं, मान आणि तोंड वेगळं; दोन्ही जरा घट्ट झाल्यावर पातळ मातीच्या लेपानं जोडलं. ल्यूसीच्याही अशा फुलदाण्या तुकड्यांनीच उभ्या राहत.

बाई गप्प झाल्या त्या ब्रश हातात घेतल्यावर. समोर आधीच पूर्ण सुकवलेली एक फुलदाणी होती. सुकलेली कच्ची माती पाणी अधाशासारखी पिते, आणि ग्लेझ म्हणजे पाण्यात कालवलेली दगडाची पूडच. चाक सावकाश फिरत होतं, ब्रश एका जागी धरलेला. एक हात झाला, थांबल्या. दुसरा हात. मानेजवळ ओल जास्त झाली असावी. केसाएवढी चीर दिसली, रुंदावली आणि मान एका बाजूला कलली. बाईंनी ती फुलदाणी उचलून बाजूला ठेवली आणि पुढची घेतली. ग्लेझ लागलेली ती माती नेहमीच्या बादलीत परत गेली नाही, कारण त्यानं सगळी माती बिघडते.

“1250,” त्या म्हणाल्या, “आणि एकदाच. दुरुस्तीला दुसरी फेरी नाही.”

भट्टी पेटल्यावर सुरुवातीचे काही तास आच अगदी हळू वाढवावी लागते. मातीतलं उरलंसुरलं पाणी घाईनं वाफ झालं, तर भांडं फुटतं. त्या वेळी झाकणाच्या फटीतून जो वास येत होता, तो पहिल्या पावसाचा नव्हे. चुलीवर पहिल्यांदा तापणाऱ्या मातीच्या नव्या तव्याचा. तो वास माझ्या कपड्यांत राहिला आणि ल्यूसीबद्दल जे जे वाचलं, त्यात मिसळत गेला.

ती 1902 मध्ये व्हिएन्नात जन्मली, तिथेच कुंभारकाम शिकली, नावाजली गेली. ज्यू असल्यामुळे 1938 मध्ये देश सोडून लंडनला आली. हाइड पार्कजवळ अल्बियन म्यूजमधल्या छोट्या घरात खाली स्टुडिओ, वर राहणं. तिथे कपड्यांसाठी मातीची बटणं करून पोट भरलं. 1946 मध्ये हान्स कॉपर नावाचा तरुण निर्वासित कामाला आला; मातीचा त्याला काडीचाही अनुभव नव्हता. 1958 पर्यंत दोघं एकाच छताखाली काम करत होती. 1948 मध्ये जास्त तापणारी विजेची भट्टी आली आणि स्टोनवेअर शक्य झालं. इंग्लंडमधल्या एव्हबरीच्या संग्रहालयात पक्ष्यांच्या हाडांनी रेघा ओढलेली प्राचीन भांडी दिसली, तेव्हा तिनं सुई हातात घेतली. पन्नाशीतल्या तिच्या भांड्यांवर गडद ग्लेझ खरवडून काढलेल्या त्या बारीक रेघा दिसतात.

इंग्लंडमधल्या कुंभारकामावर तेव्हा बर्नार्ड लीच या कुंभाराची छाप होती: जाड, भरदार, मातकट रंगांची भांडी. त्याला ल्यूसीचं काम फार पातळ वाटलं. काही काळ तिनं त्याच्या वळणानं करून पाहिलं. तू तुझ्या हातानं कर, हे तिच्या मनात भरवलं ते कॉपरनं. लीचशी तिची मैत्री आयुष्यभर टिकली, पण पातळपणाबद्दलचं त्याचं ते मत मला पटत नाही. स्टुडिओतली मान कलताना पाहिल्यावर तर मुळीच नाही. 1250 अंशांना जाड भांडंही वाकतं. तिथे पातळ कडा सरळ उभी राहते, कारण जाडी कुठे किती ठेवायची, ते हाताला नेमकं ठाऊक असतं.

कॉपर कलाकार आणि आपण निव्वळ कुंभार, असं ल्यूसी मानायची. वाचणारे ते नम्रता म्हणून कौतुकानं सांगतात. मला तिचं म्हणणं अर्धंच मान्य आहे: ती कुंभार होती, आणि त्यात ‘निव्वळ’ काही नव्हतं. 1990 मध्ये पक्षाघाताचा झटका आला, तोवर ती त्याच घरात चाकावर बसत होती. 1995 मध्ये, 93 व्या वर्षी ती गेली.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात सगळ्यात वरच्या मजल्यावर तिचा स्टुडिओ पुन्हा मांडून ठेवला आहे, आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. लंडनला गेलात तर तिथे जा. फुलदाणीचं तोंड सगळेच पाहतात. तुम्ही आधी मान आणि खांदा जिथे जुळतात, ती जागा पाहा; सगळं काम तिथे झालेलं आहे.