शाळेचा निरोप घरापर्यंत

तीन ते सहा वर्षांचे मूल आपले दुखणे किंवा भीती नेमक्या शब्दांत सांगू शकत नाही. रात्री त्याला ताप होता काय, सकाळी ते उपाशी आले काय, हे घराला ठाऊक असते. दिवसा ते कशाने रडले, हे शाळेला. या दोन्ही गोष्टी रोज एकमेकांना कळल्या, तरच मुलाची काळजी नीट घेतली जाते.

वर्धा जिल्ह्याला हा विचार नवा नाही. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीमचा भर प्रारंभी सात ते चौदा वर्षांच्या मुलांवर होता. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यानंतर गांधीजींनी तिची व्याप्ती संपूर्ण आयुष्यापर्यंत वाढविली. सेवाग्रामला शांता नारुलकर यांनी पूर्व-बुनियादी शिक्षणाचे कार्य केले. स्वच्छता, आहार व आरोग्य हे त्यात शिक्षणाचेच विषय होते. घराच्या सहकार्याविना ते साध्य होणारे नव्हते.

कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळीच शेतावर जाते आणि मुलाला अंगणवाडीत आजी किंवा मोठी बहीण पोहोचविते. अशा वेळी केवळ लेखी सूचना पुरत नाही. दारातच विचारपूस करावी व आईपर्यंत जाईल असा सोपा तोंडी निरोप द्यावा. निरोप तक्रारीपुरताच नसावा. मुलाने आज नवे काय केले, हेही कळवावे. ग्रामपंचायतीने पालकसभा सायंकाळी ठेवल्यास मजूर मातांनाही येता येईल.